शेंडा आणि बुडखा

माझ्या एका सुंदर वाक्याने एका विधवा बाईचे आठ महिने खाल्ले. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत सांगितली नव्हती. पण 'परिच्छेदाची सुरुवात आणि शेवट कसा करावा, यावर दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा' असा संपादकांचा हुकूम आला, तेव्हा दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी आपले माप पदरात घ्यावे, असे वाटले.

मी मनमाडला शाळामास्तर होतो. शाळामास्तर म्हटला की गावाने त्याला अर्ज लिहायला बसवायचे, हे ठरलेलेच. रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर चारदोन माणसे हमखास असत. कुणाला शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढवायचे असे, कुणाला नळाची जोडणी हवी असे, तर कुणाला गावाकडच्या भावाला वाटणीबद्दल खरमरीत पत्र धाडायचे असे. मी पैसे घेत नसे. 'मास्तरांच्या अक्षराला आणि भाषेला तोड नाही' एवढे कानांवर पडले की माझे पोट भरे. घात केला तो याच भुकेने!

१९८४ सालच्या उन्हाळ्यात एक मावशी अशाच ओट्यावर येऊन बसल्या. यजमान एका कचेरीत चौकीदार होते. ते मार्चमध्ये अचानक गेले. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कचेरीत पडून होती आणि ती मावशींना मिळायला हवी होती. काम एवढेच. पण मी लेखणी उचलली आणि सुरुवात केली ती थेट जन्ममरणाच्या फेऱ्यापासून. मृत्यू कुणाला चुकला आहे, असा सवाल पहिल्याच वाक्यात टाकला. मग यजमानांची वीस वर्षांची इमानी नोकरी, थंडीवाऱ्यातले पहारे, घरातली तीन लेकरे, हे सगळे भरल्या गळ्याने वर्णिले. निधीचा उल्लेख दुसऱ्या पानाच्या मध्यावर कुठेतरी येऊन गेला. शेवटी 'सुज्ञांस अधिक सांगणे न लगे' असा तुरा खोचला आणि कागद वाचून दाखवला. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "मास्तर, लई चांगला झाला कागद," त्या म्हणाल्या. मलाही तसेच वाटले.

चार महिने काही उत्तर नाही. मी स्मरणपत्र लिहिले. तेही पहिल्याइतकेच सुंदर. आणखी चार महिने गेले. अखेर मावशींना बरोबर घेऊन मी स्वतः त्या कचेरीत गेलो. कचेरीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. तिथले हेडक्लार्क वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी फाइल काढली. माझ्या दोन्ही अर्जांच्या कोपऱ्यांत लाल शाईने एकच शेरा होता : 'पाहिले. फाइलला लावावे.'

"गुरुजी, रागावू नका," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर रोज हा एवढा गठ्ठा येतो. मी कागदाचे पहिले वाक्य बघतो आणि शेवटचे बघतो. पहिल्या वाक्यात मला माणूस सापडला नाही, शेवटच्यात मागणी सापडली नाही. मला वाटले, बाईंनी कचेरीचे आभार मानले आहेत!"

मावशींना हे सारे कितपत कळले ते मला ठाऊक नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, एवढे मात्र मला आजही आठवते.

भोंगा काय सांगतो

त्या दिवशी परतताना मनमाड स्टेशनच्या फलाटावर मी बराच वेळ बसून राहिलो आणि ज्या गोष्टीकडे जन्मभर दुर्लक्ष केले होते ती प्रथमच कान देऊन ऐकली. आमचे मनमाड म्हणजे चार दिशांचे जंक्शन. एक वाट मुंबईची, एक भुसावळची, १८७८ पासून एक दौंडची, आणि एक औरंगाबादवरून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरवरून, पुढे नांदेड-सिकंदराबादकडे. अशा ठिकाणी माणसाने चुकीची गाडी पकडली तर रात्र भलत्याच गावी उगवायची. म्हणून भोंग्यावरची सूचना कशी रचलेली असते बघा. आधी 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे', लगेच गाडीचा क्रमांक आणि ती कोठून कोठे जाणार ते; मधे कुठल्या मार्गाने वगैरे; आणि अगदी शेवटी फलाटाचा क्रमांक.

सूचनेचे पहिले अंग ऐकले की ज्याचा तिच्याशी संबंध नाही तो पुन्हा चहाच्या कपाकडे वळतो आणि ज्याचा आहे तो कान टवकारतो. शेवटचे अंग ऐकले की तो वळकटी उचलून चालू लागतो. पहिल्याने माणूस निवडायचा, शेवटच्याने त्याला पावले उचलायला लावायची! सूचना लिहिणाऱ्याने ही अक्कल कुठल्या महाविद्यालयात घेतली ते मला माहीत नाही, पण मी मराठीचा मास्तर असून मला ती नव्हती. 'या बोलण्याला शेंडा ना बुडखा' असे आपण सहज म्हणतो. माझ्या अर्जाला मधला पसारा भरपूर होता. नव्हती ती हीच दोन टोके.

शिक्का आणि मोर्तब

बरे, ही अक्कल मराठीला नवी होती असेही नाही. आपले जुने कारकून मोडीत लिहीत. मोडीची रीत अशी की पानावर आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लटकवीत जायची. दोन शब्दांत फट नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, आणि परिच्छेद तर नाहीच नाही. मग वाचणाऱ्याला विषय कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळावे कसे? त्यासाठी ठरीव शब्द असत. नमस्कार-आशीर्वाद, 'विनंती उपरी', 'येथील कुशल' झाले की 'विशेष' हा शब्द येई. 'विशेष' दिसला की वाचणाऱ्याने समजावे, औपचारिक गोष्टी संपल्या, आता कामाचे बोलणे. आलेल्या मजकुरावर आपले म्हणणे सांगायचे झाले की 'ऐसियास' येई. आणि 'बहुत काय लिहिणे' आले की मजकूर आटोपला. परिच्छेदाची जी कामे आज आपण कोरी जागा सोडून करतो, ती हे शब्द करीत.

राजपत्रांत तर आरंभ आणि शेवट दोन्ही शिक्क्यांनी बंद केलेले असत. वर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीला 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा असे. पुढे पेशवाईत 'लेखनसीमा' असा शिक्का आला. अर्थ उघड आहे : मजकुराची हद्द इथे संपली, याच्या खाली कुणी एक अक्षर वाढवील तर ते आमचे नव्हे. आपण आज 'शिक्कामोर्तब झाले' असे बोलताना एकाच शब्दात पत्राची दोन्ही टोके धरतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

छापखाने आले आणि हे चित्र पालटले. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाच्या कामातले सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढले आणि इंग्रजीतली विरामचिन्हे मराठीत रुजवली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि मराठी गद्याला ऐसपैस, भारदस्त परिच्छेदाची सवय लागली. तिकडे स्कॉटलंडात ॲबरडीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये आपल्या रचनाशास्त्राच्या पुस्तकात नियमच घालून दिला होता की, परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने त्याचा विषय सांगावा. शाळांतून हा नियम जगभर पसरला.

आमचे नुकसान झाले ते असे : परिच्छेद आला आणि 'विशेष' गेला. मायना मात्र कायम राहिला, तोही निराळ्या वेषात. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', 'वास्तविक पाहता', 'अनादिकालापासून मानव' ही आमची आजची 'येथील कुशल' आहेत. फरक इतकाच की पूर्वीच्या कारकुनाला कुशल कुठे संपवायचे ते ठाऊक होते.

पहिल्या वाक्याचे काम

पहिल्या वाक्याने वाचणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्यात : आपण कशाबद्दल बोलणार आणि त्याबद्दल काय म्हणणार. नुसता विषय सांगून भागत नाही. 'पाणी हे जीवन आहे' या वाक्यात विषय आहे, पण म्हणणे नाही. निदान वाचणाऱ्याला नवे असे काही नाही. मनमाडची पाणीटंचाई साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असल्यामुळे हे वाक्य माझ्या हातून किती अर्जांच्या डोक्यावर बसले असेल, याची गणती नाही! त्याऐवजी असे लिहून पाहा : 'आमच्या गल्लीतील चाळीस घरांना नळाचे पाणी मिळत नाही, कारण गल्लीच्या तोंडाशी मुख्य वाहिनीला गळती आहे.' यात कुणाचे, काय, का, तिन्ही आले. आता पुढची पाच वाक्ये ही गळती केव्हापासून आहे, कुणी पाहिली, कितीदा कळवले, हे सांगतील आणि वाचणारा ती वाचील, कारण ती कशासाठी आहेत हे त्याला आधीच कळलेले आहे.

मराठीत शब्दांच्या जागेलाही फार किंमत आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि त्याच्या लगेच आधी जो शब्द बसतो त्याच्यावर सहसा भार पडतो. 'काल नळाला पाणी आले' ही साधी बातमी. 'नळाला पाणी काल आले' म्हणजे आता पुढच्या पाळीपर्यंत वाट बघा. 'काल पाणी नळाला आले' म्हणजे टँकरने नव्हे हो, नळाने आले! शब्द तेच, पण मनमाडच्या गृहिणीला विचाराल तर या तीन अगदी निराळ्या घटना आहेत. तेव्हा परिच्छेदाचे पहिले वाक्य लिहून झाले की त्यातला कुठला शब्द क्रियापदाला खेटून बसला आहे ते पाहावे. पुढचा परिच्छेद त्याच शब्दाचा असला पाहिजे. वाक्याचा भार 'काल'वर आणि परिच्छेद नळावर, असे झाले की वाचणारा अडखळतो आणि आपण का अडखळलो हे त्याला सांगताही येत नाही.

आता कुणी चाणाक्ष वाचक म्हणेल, मोठमोठे लेखक कुठे हा नियम पाळतात? खरे आहे. रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ मध्ये मासिकांतले पंचवीस निबंध घेऊन परिच्छेद मोजले, तेव्हा मुख्य म्हणणे पहिल्याच वाक्यात मांडणारे परिच्छेद शंभरांत जेमतेम तेरा निघाले. म्हणजे कसलेला लेखक वाचकाला थोडे फिरवून आणू शकतो. पण त्याचा वाचक आरामखुर्चीत बसलेला असतो आणि त्याने अंक हौसेने विकत घेतलेला असतो. हेडक्लार्कने मावशींचा अर्ज हौसेने घेतला नव्हता. आपला वाचक खुर्चीत आहे की गठ्ठ्यामागे, हे आधी ठरवावे, आणि फिरवून आणायचेच असेल तर कुठे न्यायचे आहे हे आपल्याला तरी पक्के माहीत असावे.

शेवटच्या वाक्याचे काम

पहिले वाक्य जमले तरी शेवटचे जमायला मला आणखी कितीतरी वर्षे लागली. मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासताना मला वाईट शेवटाच्या तीन जाती सापडल्या. पहिली जात गोषवाऱ्याची : पहिल्या वाक्यात जे सांगितले तेच 'अशा प्रकारे' म्हणून पुन्हा सांगायचे. दुसरी सुभाषिताची : विषय शाळेच्या सहलीचा असला तरी शेवटी 'म्हणूनच म्हटले आहे की' करून एखादे वचन चिकटवायचे. तिसरी सारवासारवीची : 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही', 'हे मात्र तितकेच खरे'. या तिन्हींत एक दोष समान आहे. वाचणारा परिच्छेदात शिरताना जेवढे घेऊन आला होता, तेवढेच घेऊन बाहेर पडतो.

मला यातून वाट दाखवली ती माझ्या शेजारच्या एका फिटरने. आमच्या गावी रेल्वेचा इंजिनियरिंग कारखाना आहे. तो १९०६ सालचा. रेल्वेच्या पुलांचे लोखंडी गर्डर तिथे तयार होतात. या शेजाऱ्याला मी एकदा सहज विचारले की, गर्डर दोन्ही टोकांना घट्ट आवळून टाकीत असाल ना? तो हसला. "नाही मास्तर. एक टोक पक्के बसवायचे. दुसरे टेकलेले असते, पण त्याला सरकायला थोडी जागा ठेवायची. उन्हात लोखंड वाढते. दोन्ही टोके आवळली तर ते जाईल कुठे?" मी घरी येऊन हिशेब केला : तीस मीटरचा पोलादी गर्डर तीस अंश तापला तर सुमारे अकरा मिलिमीटर लांबतो. म्हणजे बोटभर. पण त्या बोटभर जागेसाठी पुलाच्या एका टोकाची रचनाच निराळी करावी लागते.

परिच्छेदाचे तसेच आहे. पहिले वाक्य पक्के बसवावे. मधल्या वाक्यांत विषय तापतो, वाढतो, आणि शेवटच्या वाक्याने ती वाढ सामावून घ्यायची असते. गळतीचा तोच परिच्छेद घ्या. त्याच्या अखेरीस 'तरी पाणी हे जीवन आहे हे ध्यानात घ्यावे' असे लिहिले तर आपण दोन्ही टोके आवळली. पण 'ही गळती बंद झाली, तर नवी वाहिनी टाकण्याचा खर्चच उरत नाही' असे लिहिले की वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती असे काही पडते, जे पहिल्या वाक्यात नव्हते आणि पहिल्या वाक्यावाचून आलेही नसते. शिवाय पुढचा परिच्छेद खर्चाचा असणार, हे त्याला न सांगता कळते.

वर्गात मी हे सांगू लागलो तेव्हा मुले माझ्यापेक्षा लवकर शिकली. 'मी पाहिलेले ठिकाण' या विषयावर एका मुलाने अंकाई-टंकाईच्या डोंगररांगेतल्या हडबीच्या शेंडीवर लिहिले. आमच्या बाजूने जाणाऱ्या प्रवाशांनी अंगठ्यासारखा उभा ठाकलेला तो सुळका गाडीतून पाहिला असेल. पहिल्या खेपेला त्याची सुरुवात होती, 'निसर्ग हा मानवाचा मित्र आहे.' मी वही परत दिली. दुसऱ्या खेपेला त्याने लिहिले की, शेंडी त्याच्या घराच्या खिडकीतून रोज दिसते, पण तिच्या पायथ्याशी तो पहिल्यांदा गेला तो नववीत आल्यावर. आणि परिच्छेदाचा शेवट असा केला : वर चढण्याचे धाडस कुणीच केले नाही, परतताना मात्र प्रत्येक जण, वेळ असता तर आपण चढलोच असतो, असे सांगत होता. मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले. दहावा गुण वेलांट्यांत गेला.

घरच्या घरी करून पाहण्याची परीक्षा

आता हे आपल्याला साधले की नाही, हे कसे ओळखावे? त्यासाठी मी एक साधी परीक्षा करतो. लिहून झालेला कागद घ्यावा आणि प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य ओळीने वाचावे, मधले सारे बोटाने झाकून. एवढ्यावरून अनोळखी माणसाला आपले म्हणणे कळत असेल तर कागद पाठवावा. नसेल तर दोष बहुधा तीन ठिकाणी असतो. एक, खरे पहिले वाक्य परिच्छेदाच्या पोटात दडलेले असते. ते उचलून वर आणावे आणि त्याच्या आधीचे निःशंकपणे खोडावे. दोन, परिच्छेदात दोन विषय कोंबलेले असतात. ते वेगळे करावेत. तीन, शेवटचे वाक्य काढून टाकले तरी काहीच बिघडत नाही. तसे असेल तर ते काढूनच टाकावे, त्याच्या आधीचे वाक्य बहुधा चांगला शेवट असते.

यातला तिसरा उपाय सर्वांत कठीण. आपल्याला शेवट वाजवून करायची सवय लागलेली असते. कीर्तनात बुवांच्या गजराने, पोवाड्यात शाहिराच्या नावाने, अभंगात 'तुका म्हणे'ने शेवट झाला की कानाला बरे वाटते. पण अभंग नीट पाहिला तर दिसेल की 'तुका म्हणे'नंतर तुकोबा ध्रुवपद घोळवीत बसत नाहीत. बहुतेक वेळा तिथे ते आणखी एक पाऊल पुढे जातात, कधी स्वतःवरच उलटतात. नाव तेवढे ठरलेले. त्यापुढचे बोलणे दर वेळी नवे. आम्ही नुसते नाव उचलले.

गोष्ट सांगणाऱ्याला, पत्र लिहिणाऱ्या आईला हे सगळे नियम लावू नयेत, हेही इथेच सांगून टाकतो. आईच्या पत्रात मजकूर भाकरीपासून भावाच्या लग्नापर्यंत आणि तिथून गाईच्या वासरापर्यंत उड्या मारतो, आणि ते पत्र आपण दहादा वाचतो. ज्याला आपली ओढ आहे त्याच्यासाठी शेंडा-बुडखा लागत नाही. तो लागतो ज्याला आपली ओळख नाही त्याच्यासाठी, आणि गरजवंताचे कागद नेमके अशाच माणसांपुढे जातात.

मावशींचा दुसरा अर्ज

कचेरीतून परतलो त्याच रात्री मी मावशींचा अर्ज नव्याने लिहिला. तो एका पानाचा झाला. पहिले वाक्य असे होते : 'माझे पती आपल्या कचेरीत चौकीदार होते व मार्च १९८४ मध्ये वारले, त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम वारस पत्नी म्हणून मला मिळावी, यासाठी हा अर्ज आहे.' मधे नोकरीच्या तारखा आणि खात्याचा क्रमांक. शेवटचे वाक्य : 'मृत्यूचा दाखला व वारसाचे कागद सोबत जोडले आहेत, आणखी काही लागत असल्यास ते कोणते, हे वरील पत्त्यावर कळवावे.' वाचून दाखवला तेव्हा मावशींनी डोळ्यांना पदर लावला नाही. "एवढंच?" त्यांनी विचारले. त्यांनी एक नक्कल मागून घेतली.

सात आठवड्यांत पैसे आले. पण मधल्या आठ महिन्यांत मावशींच्या थोरल्या मुलाने शाळा सोडली होती. तो नववीत, माझ्याच वर्गात होता. घरात पैसा येईना म्हणून तो स्टेशनाबाहेरच्या एका चहाच्या टपरीवर कामाला लागला. रक्कम मिळाल्यावर मी त्याला बोलवायला गेलो, दोनदा गेलो. तो मान खाली घालून कपबशा विसळत राहिला. तो शाळेत परत आला नाही.

बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, एका रविवारी तो ओट्यावर आला. आता त्याची स्वतःची टपरी होती आणि मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता. मी चष्मा आणि कोरा कागद घेऊन बसलो. "नको, मास्तर," तो म्हणाला, "लिहून आणलाय. फक्त शुद्धलेखन बघा." आईच्या त्या अर्जाची नक्कल घरच्या पत्र्याच्या पेटीत अजून होती, तीच समोर ठेवून त्याने हा लिहिला होता. पहिल्या वाक्यात मुलीचे नाव, इयत्ता आणि मागणी. शेवटच्यात जोडलेले कागद आणि उत्तर कुठे पाठवावे तो पत्ता. मी अर्ज दोनदा वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि तो त्याच्या हातात परत दिला.